चव तीच, हात दुसरा

२८ जानेवारी, रविवार

टक्. मग एक श्वास जाईल इतका वेळ काही नाही. मग टक् टक्.

आज पहाटे या आवाजाने जाग आली. छपरावरचा बर्फ घसरला असेल म्हणावं, तर बर्फ असा तालात पडत नाही. हा आवाज आमच्या जुन्या केकच्या दुकानाचा. लाकडी साच्यात दाबलेला केक सुटावा म्हणून साचा पालथा करून फळीवर ठोकायचा, त्याचा. वर माडीवर मी शाळेच्या कविता पाठ करत बसायचो आणि खालून तो यायचा, टक्... टक् टक्. मला तर वाटतं, छंद मी शाळेत शिकलोच नाही. त्या फळीपाशी शिकलो.

नवी वही आहे, म्हणून मास्तरकीच्या सवयीने पहिल्या पानावर रीतसर: नोत्सु शुहेई, वय एकोणऐंशी, राहणार तळ्याकाठचं मात्सुए. एकटा. बायकोला, नोबुएला, जाऊन पाच वर्षं झाली.

दुपारी ताईकडे गेलो होतो. वृद्धाश्रमात दहा आणि तीनचा हिरवा चहा अजून चुकत नाही, पण ताई आता नुसता चहाच घेते. पुढ्यातला गोड घास तसाच राहतो. भात तर चार दिवसांत चार घास. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, असंच चाललं तर चेरीला साकुरा फुलेपर्यंतचं सांगता येत नाही.

मी तिला म्हटलं, "ताई, काहीतरी खा ना. काय हवं ते सांग, आणतो."

खिडकीकडे बघून म्हणाली, "ते पिवळं आण. छोटं. ज्याच्यावर लाल ठिपका असतो."

"आपल्या दुकानातलं?"

"आणखी कुठलं?"

दुकान बंद होऊन सत्तेचाळीस वर्षं झाली. बाबा गेले आणि मी फळा-खडू सोडून गल्ल्यावर बसायला तयार झालो नाही. ते पिवळं आता कुठून आणू?

१ फेब्रुवारी, गुरुवार

कपाटावरून बाबांची नमुन्यांची वही काढली. गिऱ्हाईक आलं की बाबा ही वही त्याच्यापुढे उघडायचे. एकेका पानावर रंगवलेले घासाघासाचे केक, आणि प्रत्येकाखाली त्याचं नाव. नावं माझ्या अक्षरात आहेत. दहा वर्षांचा असल्यापासून ते काम माझ्याकडे होतं. बाबांचा हात सोन्याचा, पण शब्दांशी वैर. नवा केक झाला की हाक यायची, "शुहेई, तुझ्या त्या कवितांतलं काहीतरी काढ." चहा पिणाराने आधी नाव विचारायचं आणि मग खायचं, ही आमच्याकडची रीत. त्यामुळे मी दिलेलं नाव गावातल्या बड्या बड्या लोकांच्या तोंडी जायचं. पुढे चाळीस वर्षं मुलांना कविता शिकवल्या, पण तेवढा मोठा कवी मी पुन्हा कधी झालो नाही.

ताईच्या पिवळ्या केकचं नाव मला पक्कं आठवतं: पैलकाठचा दिवा. पंधरा वर्षांचा होतो. पिवळा केक म्हणजे मावळतीचं तळं, त्यावर दाबलेल्या लाटा, पांढऱ्या साखरेची एक रेघ आणि वरच्या कडेला तिळाएवढा लाल ठिपका.

पण ते पान वहीत नाही. एक्केचाळीस आणि त्रेचाळीसच्या मध्ये पात्याने कापल्यासारखी सरळ कड आहे, बस. कुणी नेलं असेल? एखाद्या गिऱ्हाइकाला मोह झाला असणार.

३ फेब्रुवारी, शनिवार

वाचनालयात गेलो. तिथली आदाची माझी विद्यार्थिनी, आता पन्नाशी उलटलेली. छोट्या केकची पुस्तकं हवीत म्हटल्यावर ती चष्म्यावरून बघत राहिली.

"मास्तर, तुम्ही? केक?"

"का? माणसाने एकोणऐंशीव्या वर्षी काही शिकू नये?"

"शिका की. पण पाठांतर झालं नाही तर तुम्हाला व्हरांड्यात कोण उभं करणार, तेवढं सांगा. मी एका कवितेपायी तीन दिवस उभी होते."

सात पुस्तकं घेऊन आलो. कोतात्सूत, त्या शेगडीच्या बुटक्या मेजाखाली, पाय घालून बसलो आणि संध्याकाळ कधी झाली कळलं नाही. फ्रान्सचे ते चौकोनी इवले केक, गुलाबी, पिस्ता, जांभळे, साखरेचा चकचकीत अंगरखा घातलेले, अंगरख्यावर एकच कळी. एक पुस्तक नुसत्या कागदी वाटीतल्या केकांचं, एकेकाच्या डोक्यावर क्रीमची एवढाली पगडी. मला पगड्या आवडल्या नाहीत. पण ते चौकोनी मात्र पुन्हापुन्हा पाहिले. घासभर जागा, आणि तेवढ्यात सांगायचं ते सांगून मोकळं व्हायचं. हायकूच्या सतरा मात्रांत कविता करणाऱ्या माणसांना हे नवीन नाही. वाटलं, हे परके लोकसुद्धा आपल्यासारखेच कुणाची तरी आठवण काढत बसत असतील, नाहीतर एवढ्याशा केकवर एवढीशी कळी कोण बसवतं?

नोबुएला कधी असलं पुस्तक आणून दिलं नाही. तिने एकदा घरी केक केला होता, तेव्हा मी म्हटलं, बाबांसारखा नाही झाला. त्यानंतर तिने केला नाही. हे आज कुठून आठवलं कोण जाणे.

७ फेब्रुवारी, बुधवार

पहिली खेप. पांढऱ्या घेवड्याचं पुरण बाजारातून आणलं, उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक चाळणीतून घासून त्यात मिसळला. भाजायला घरात ओव्हन नाही, म्हणून मासे भाजायच्या ग्रिलमध्ये ठेवले. वरून कोळसा, खालून चिखल. आणि वास बांगड्याचा.

आदाचीला फोन करून सांगितलं तर ती हसता हसता खोकायला लागली. "मास्तर, तुमच्या मायक्रोवेव्हच्या दारावर काय लिहिलंय वाचा बघू."

वाचलं. ओव्हन. डाव्या बाजूचं बटण. नोबुएने हौसेने घेतलेला. पाच वर्षं मी त्यात भात गरम करतोय.

११ फेब्रुवारी, रविवार

आज जरा जमलं होतं. लाल ठिपक्याचा केक करायचा धीर होईना, म्हणून आधी हात बसावा म्हणून उमेच्या झाडाला थंडीत येणाऱ्या फुलाच्या आकाराचे केले. पाच पाकळ्या चमच्याच्या टोकाने. डबीत घालून ऐटीत ताईकडे गेलो.

ताईने झाकण उघडलं आणि माझ्याकडे बघितलं. आमची आई बघायची तसं.

"शुहेई, खाली अंगणात काय आहे?"

"उमे फुललाय की. म्हणून तर."

"फुललाय ना? मग आता याचं काय काम? बाबांनी उचलून बाहेर फेकले असते."

विसरलोच होतो. आमच्या धंद्यात फूल झाडावर यायच्या पंधरा दिवस आधी साच्यावर येतं. झाडावर फुललं की साचा धुऊन ठेवून द्यायचा. खऱ्या फुलाशी बरोबरी करायला जायचं नाही. गिऱ्हाइकाला पुढचं दाखवायचं, ज्याची वाट बघावी असं.

मी आयुष्यभर साठ वर्षं मागे चालत आलो. मला हे कसं सुचणार?

एक पाकळी तरी खा म्हटलं. "गळायला लागलेलं फूल खाऊन मी कुठे जाऊ?" म्हणाली आणि चहा प्यायली. उरलेले केक मदतनीस मुलींनी खाल्ले. छान आहेत म्हणाल्या. म्हणणारच.

१६ फेब्रुवारी, शुक्रवार

पैलकाठचा दिवा, पहिला प्रयत्न. साचा नाही, म्हणून लाटा नोबुएच्या लाकडी कंगव्याने काढल्या. पेटीत घडीच्या कागदात होता, कधी न वापरलेला. साखरेची रेघ वाकडी आली. लाल ठिपका घालताना श्वास रोखून धरला होता.

ताईने हातात घेतला. उलटा करून पाहिला, नाकाशी नेला. खाल्ला नाही.

"हा नाही."

"अगं, हाच. पिवळा, लाल ठिपका. बाबांचा."

"बाबांना कुठे येत होतं हे?"

डॉक्टर म्हणालेच होते, या वयात जुन्या गोष्टी इकडच्या तिकडे होतात. पण राहवेना, म्हणून म्हटलं, "ताई, तुला तो साच्याचा आवाज आठवतो? टक्... टक् टक्. बाबा ठोकायचे तो."

"बाबा एकदाच ठोकायचे," ती म्हणाली. "एकदा. की केक खाली. दोनदा ठोकलेला त्यांना चालायचा नाही."

मला वाईट वाटलं. तो आवाज मी चौसष्ट वर्षं कानात घेऊन फिरतोय. मी कसा चुकेन? माडीवर आम्ही दोघं समोरासमोर बसायचो, मी वही घेऊन, ती शिवण घेऊन. तो आवाज आला की ती सुई टोचून ठेवायची आणि गरम पाणी आणायला खाली जायची. रोज. हेसुद्धा ती विसरली.

निघताना मदतनीस म्हणाली, "आजी चष्म्याच्या डबीत एक जुना कागद ठेवतात. घडी करून करून फाटायला आलाय. नीट करून देऊ म्हटलं तर हात लावू देत नाहीत." कुठल्यातरी देवळातला कागद असेल. असू दे.

२२ फेब्रुवारी, गुरुवार

आज दिवसभर पाऊस आणि बर्फ मिसळून. काही केलं नाही. जुनं आठवत बसलो.

हा केक कुणाचा, याचा नीट विचार केला. खरं तर पहिल्यांदा तो बाबांनी नाही, सेन्किचीने केला होता. सेन्किची आमच्याकडे कामाला होता, ओकी बेटावरचा, तेव्हा बावीस-तेवीसचा असेल. मोजकं बोलायचा. एकदा तापल्या पत्र्याला त्याचा डावा अंगठा चिकटला, तेव्हा ताईने महिनाभर रोज त्याची पट्टी बदलली. ताईचा स्वभावच तसा, मांजर लंगडलं तरी तिला झोप नाही. तर बाबांच्या दुकानात जे झालं ते बाबांचंच, म्हणून मी बाबांचा म्हणतो.

तो दिवस मला चांगला आठवतो. सेन्किची जिन्याखाली उभा, मी पायरीवर. हातावर तो पिवळा घास धरून म्हणाला, "शुहेई-सान, याला नाव द्याल?"

मी ऐटीत विचारलं, "करताना मनात काय होतं?"

कान लाल करून म्हणाला, "ओकीला संध्याकाळची बोट लागते ना, तेव्हा काठावर कुणीतरी दिवा घेऊन उभं असतं. ज्याचं त्याचं माणूस. माझं कुणी नसायचं. तसं काहीतरी."

मी तिथल्या तिथे नाव दिलं. पैलकाठचा दिवा. त्याने दोनदा म्हणून पाहिलं, आणि इतका खाली वाकला की मला लाज वाटली. त्याने साचाही स्वतःच कोरला होता, चेरीच्या लाकडाचा.

संध्याकाळी जेवताना मी बाबांना सांगितलं. मला राहवेना, नाव इतकं सुंदर जमलं होतं. म्हटलं, "बाबा, सेन्किची-सान ऑर्डर नसतानाही हे सहा करतो. चार पेटीत ठेवतो आणि दोन ताईला कागदात बांधून देतो, ती फुलं मांडायच्या शिकवणीला जाते तेव्हा. नाव मी ठेवलंय, ऐका." आणि ओळ म्हणावी तसं म्हणून दाखवलं.

बाबांनी जेवणाच्या काड्या खाली ठेवल्या. आईनेसुद्धा. ताई भाताचं भांडं घेऊन उठली ती आत गेली.

दुसऱ्या दिवशी सेन्किची नव्हता. साचाही नव्हता. त्या शरद ऋतूत ताईचं योनागोच्या तांदळाच्या व्यापाऱ्याकडे लग्न झालं.

मला आजवर वाटत आलंय की बाबांना न विचारता नाव ठेवलं, म्हणून त्यांना राग आला. नावाचा मान दुकानाच्या मालकाचा, पण शिक्षा मात्र बिचाऱ्या सेन्किचीला. याबद्दल मला अजूनही टोचतं. ताईला एकदा हे म्हटलं होतं, तिच्या लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी. ती म्हणाली, "तू कविता कर, शुहेई." एवढंच.

२७ फेब्रुवारी, मंगळवार

रागात लिहितोय, अक्षर वाईट येईल.

आदाचीने नवीन पुस्तक बाजूला काढून ठेवलं होतं, 'घासाघासाचे केक'. "मास्तर, हे बघा, आपल्याच जिल्ह्यातल्या माणसाचं आहे. हामादा गावचं जुनं दुकान." उभ्या उभ्या पानं उलटली. आणि अठ्ठावन्नाव्या पानावर पूर्ण पानभर, पिवळा, लाटा, पांढरी रेघ, लाल ठिपका. खाली नाव: पैलकाठचा दिवा.

मी दिलेलं नाव! माझ्या शब्दांत, एक अक्षर इकडचं तिकडे नाही.

मी बहुतेक मोठ्याने काहीतरी बोललो. आदाचीने खुर्ची आणली. "मास्तर, बसा. ओरडायचं असेल तर बाहेर चला, इथे मला ओरडावं लागेल."

लेखकाचं नाव ताहारा योएमोन, सहावा. सहावा म्हणे! त्या घराण्यांत जो गादीवर बसतो तो हेच नाव लावतो, मुलगा असो नाहीतर घरजावई. आत माणूस कोण, कुणाला कळतंय? आणि निर्लज्जपणा किती, खाली स्वतःच लिहिलंय: "तळ्याकाठच्या एका गावात तरुणपणी हे माझ्या हाती आलं. नाव दुसऱ्याने दिलेलं आहे. मी ते कधी बदललं नाही, आणि हा केक दुकानात कधी विकला नाही." हाती आलं! चोर असंच म्हणतो. म्हणजे वहीतलं पान कुठे गेलं ते आता समजलं.

पुस्तकात त्याचा फोटो नाही, फक्त हातांचा आहे. म्हाताऱ्या माणसाचे हात, पुरणाचा गोळा धरलेले, डाव्या अंगठ्यावर भाजल्याची जुनी पांढरी खूण. बेकर म्हटला की भाजलेला अंगठा आलाच.

तरीही पुस्तक घरी आणलं. कृती तर बघावी.

२ मार्च, शुक्रवार

चोराची असली तरी कृती अचूक आहे. पुरण मंद आचेवर इतकं आटवायचं की हाताला चिकटू नये. बलक एकदा नाही, तीनदा चाळायचा. आणि एक गोष्ट जी मला सात पुस्तकांत सापडली नाही: मिठाचे चार कण. "समुद्राचं मीठ," त्याने लिहिलंय, "गोड कळावं इतकंच, खारट कळू नये."

ओव्हनमधून वास आला तेव्हा मी स्वयंपाकघरातल्या फरशीवर बसून राहिलो. बाहेर मावळत होतं. पंधरा वर्षांचा शुहेई कुठल्यातरी माडीवर वही उघडून बसला असेल आणि खाली कुणीतरी साचा उचलत असेल, असं वाटत राहिलं. सहा करून पाच चांगले आले. त्यांतले दोन घडीच्या कागदात बांधले. दोनच का बांधले, मला माहीत नाही. बोटांनी बांधले.

३ मार्च, शनिवार

मुलींचा सण. आश्रमाच्या दालनात बाहुल्या मांडल्या होत्या. ताईने आज दहाचा चहाही अर्धा ठेवला होता. हातांवरची कातडी कागदासारखी झालीये.

मी पुडी तिच्या हातात दिली. तिने कागद उघडला आणि उघडतानाच तिचे हात थांबले. मग तिने डोळे मिटून एक चावा घेतला. आणखी एक. अर्धा खाल्ला! मदतनीस मुलगी दारात उभी होती, तिने तोंडावर हात ठेवला.

मी म्हटलं, "ताई? हाच ना?"

तिचे डोळे मिटलेलेच. तशीच म्हणाली, "चव तीच आहे. हात दुसरा."

"हात माझा आहे, आणखी कुणाचा असणार?"

"तेच म्हणते."

उरलेला अर्धा तिने कागदात बांधून उशाशी ठेवला. पुन्हा खाल्ला नाही. मी घरी चालत आलो. पुलावर थांबलो. तळ्यावर एक बोट होती, खूप लांब. डोळ्यांत वारा जात होता.

५ मार्च, सोमवार

हामादाला पत्र पाठवलं. प्रकाशकाकडे नाही, सरळ दुकानाच्या पत्त्यावर. ब्रशने लिहिलं, मसुदा तीनदा फाडला. मुख्य मुद्दे असे: की हा नमुना मात्सुएच्या नोत्सु दुकानाचा आहे, की नाव मी, नोत्सु शुहेई याने, पंधराव्या वर्षी ठेवलेलं आहे, की वहीतलं पान कापून नेलं गेलं आहे, याचा खुलासा व्हावा. शेवटी राग आवरेना म्हणून हेही लिहिलं की आपली कृती अपुरी आहे. माझी मोठी बहीण सुमिए, वय चौऱ्याऐंशी, इथल्या आश्रमात आहे, काही खात नाही, आणि तिला हाच केक हवा आहे. तुमच्या कृतीने केला तेव्हा तिने अर्धा खाऊन सांगितलं की चव तीच, हात दुसरा. म्हणजे काहीतरी आपण लपवलं आहे. ते काय, एवढं तरी माणुसकीने कळवावं.

टपालपेटीत टाकल्यावर जड वाटलं. फार कडक लिहिलं का?

१२ मार्च, सोमवार

उत्तर नाही. ताईला सलाईन लावलं. टोकियोहून तिच्या मुलाचा फोन होता, महिनाअखेरीस येतो म्हणाला. महिनाअखेर! तोवर साकुरा फुलायला येईल.

आदाचीला पत्राची गोष्ट सांगितली. तिने सगळं ऐकून घेतलं, वहीतलं कापलेलं पान, जेवताना बाबांनी खाली ठेवलेल्या काड्या, सगळं. मग पुस्तकांवर शिक्के मारायला लागली.

"मास्तर," म्हणाली, "तुम्ही आम्हाला शिकवायचात ना, ओळीत जे लिहिलंय ते वाचा, आणि मग जे लिहिलं नाही ते वाचा."

"हो. मग?"

"काही नाही. तुम्हाला व्हरांड्यात उभं करायला हवं होतं."

पोरगी लहानपणापासून अशीच. कोड्यात बोलते.

दाराच्या घंटीची बॅटरी संपलीये. आणायची म्हणतो आणि राहते.

१५ मार्च, गुरुवार

पुन्हा सहा केले. घंटीची बॅटरी राहिली ती राहिलीच. ताईने डोळे उघडले, केककडे नाही, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "शुहेई, साकुराचे साचे काढलेस का?" काढायला हवेत, फुलायला दोन आठवडे आहेत, म्हटलं. ती हसली. तिच्या डोक्यात दुकान अजून उघडं आहे. मला तिचा हेवा वाटला.

१८ मार्च, रविवार

कालचं आज सकाळी लिहितोय. लवकर आटपायला हवं, दहाच्या चहाआधी पोचायचंय.

काल दुपारी दोनच्या सुमारास ओव्हन तापत ठेवला होता. आणखी एकदा करून बघणार होतो, यावेळी मीठ जरा जास्त घालून. बलक चाळत होतो, इतक्यात ऐकू आलं.

टक्.

हात थांबला. बर्फ वितळून आठवडा झालाय.

टक् टक्.

माडीवरून खाली यावं तसा मी उठलो. कुणीतरी दारावर ठोकत होतं, बोटांनी नाही, लाकडाने. सरकतं दार उघडलं. बाहेर एक म्हातारा उभा. माझ्याहूनही म्हातारा, पाठीला कुबड आलेला, डोक्यावर लोकरी टोपी, एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात फडक्यातून अर्धवट निघालेला एक लाकडी साचा. काळा पडलेला, चेरीचा. त्याच्याच कडेने त्याने दार वाजवलं होतं. साचा धरलेल्या डाव्या अंगठ्यावर पांढरी खूण होती.

चेहरा मला ओळखू आला नाही. चेहरा ओळखायची गरजच नव्हती. ताई बरोबर होती. बाबा एकदाच ठोकायचे.

"घंटी वाजली नाही," तो म्हणाला. "तुमचं पत्र आलं. मी वाकून नमस्कार करणार होतो, पण कमरेला आता जमत नाही. माफ करा, शुहेई-सान."

इतकी वर्षं ज्याला त्याला नाव देत आलेला मी, मला 'सेन्किची-सान' एवढी साधी हाकसुद्धा मारता येईना.

"पान मी नेलं नव्हतं," तो हळूच म्हणाला. "मी फक्त हा नेला. पान दुसऱ्या कुणाकडे असेल."

मग मला ताईच्या चष्म्याच्या डबीतला तो जुना कागद आठवला. आणि काड्या. आणि ताई भाताचं भांडं घेऊन उठली होती, ते. सगळं एकदमच आठवलं, आणि मी दारातून बाजूला झालो.

त्याने मात्र माझ्याकडे पाहिलं नाही. नाक वर करून आतल्या वासाचा अंदाज घेतला, काठी भिंतीशी टेकवली आणि एकेक बूट काढायला लागला.

"किती वाजलेत?" त्याने विचारलं.

"दोन."

"त्यांचा चहा तीनला असतो ना अजून? मग लवकर करा. ओव्हन तापलाय का?"